बेटावर मागे राहिलेली दोघं

सहलीला जायची परवानगी मला मिळाली ती रामेश्वरामुळे. समुद्रातले प्राणी बघायला पोरीला मद्रासच्याही पलीकडे पाठवायचं, हे आमच्या असोद्याच्या घरात कुणाच्या गळी उतरलं नसतं. पण प्राणिशास्त्राची सहल जाणार होती मंडपमला, आणि तिथून पूल ओलांडला की रामेश्वर. आईनं तेवढंच धरलं.

"आपल्या घरातलं कोनी तरी रामेश्वर पाहीन. जाऊ द्या तिले," ती नानांना म्हणाली.

नाना म्हणजे माझे वडील. केळीच्या बागेतून नुकतेच आले होते. चिकाचे काळे डाग पडलेले हात राखेनं घासत त्यांनी मला एकच विचारलं, "संगं बाईमानूस हाये का?"

"वनस्पतिशास्त्राच्या मॅडम आहेत."

"मंग जा."

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी जळगावच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. वर्गात मुली मोजक्या, आणि सहलीला निघालो त्यात तर मी आणि माझी एक मैत्रीण एवढ्याच. बाकी सगळे मुलगे, सर आणि मॅडम.

सर मूळचे धुळ्याचे. सडपातळ, बोलायला हळू. समुद्रातले प्राणी ते आम्हाला प्रयोगशाळेतल्या बरण्यांवरून शिकवत. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेली समुद्रकाकडी पिवळी पडली होती, तारामाशाचा एक हात कधीचा गळून तळाशी पडला होता, आणि प्रवाळ म्हणजे चुन्याचा पांढरा खडा. आमच्या आधीच्या कितीतरी तुकड्या त्याच बरण्यांवर पास झाल्या होत्या. मद्रासच्या पुढच्या छोट्या गाडीत, खिडकीशी बसून, सरांनी आम्हाला सांगितलं, "जिवंत प्रवाळ मीसुद्धा पाहिलेलं नाही. रंग मी पुस्तकात वाचून सांगतो तुम्हाला." ते हसत होते, पण कान लाल झाले होते.

मंडपमला आम्ही एका धर्मशाळेत उतरलो. रामेश्वरचं दर्शन पहिल्याच दिवशी उरकलं, आईसाठी तांब्याच्या गडूत तीर्थ घेतलं. मग दोन दिवस किनाऱ्यावरच हिंडलो. कोळ्यांच्या जाळ्यातून निघालेलं जे टाकून देतात ते गोळा करायचं, ओळखायचं, चित्रं काढायची. आणि त्यानंतर होडीनं बेटावर जायचं होतं.

मॅडमना आदल्या दिवशी होडीत नुसतं बसल्यावरच उलट्या झाल्या होत्या. त्या धर्मशाळेत राहिल्या. "मी नाही आले तर चालेल ना?" त्यांनी सरांना विचारलं. सर म्हणाले, "दुपारपर्यंत तर परत येतो."

त्या बेटावर माणूस राहत नव्हता. कमरेएवढी झुडपं, मधे जरा उंचवटा, आणि भोवती वाळूऐवजी मेलेल्या प्रवाळाचे तुकडे. त्यांवरून चाललं की फुटक्या कपबशा तुडवल्यासारखा आवाज येई. ओहोटी लागलेली होती. पाणी मागे सरून गुडघाभर डबकी उरली होती, आणि त्या डबक्यांत ते सगळं जिवंत होतं.

सर पँटसकट पाण्यात गुडघ्यांवर बसले. "हात लावू नका. आधी बघा. आधी नुसतं बघा," असं तेच तेच म्हणत राहिले. प्रवाळ पांढरं नव्हतंच मुळी. मातकट, हिरवट, एक तर जांभळं. जवळ वाकलं की त्यावर बारीक बारीक फुलांसारखं काही उघडलेलं दिसे आणि आपली सावली पडली की मिटून जाई. एका मुलानं समुद्रकाकडी उचलली, तर तिनं आपली आतडी त्याच्या हातावर टाकली. तो किंचाळला. सर म्हणाले, "घाबरली की करते असं. ठेव खाली. आतडी पुन्हा येतात तिला." सरांना इतकं आनंदात मी आधी कधी पाहिलं नव्हतं, पुढेही नाही.

मग त्यांनी आमच्या जोड्या पाडल्या. प्रॅक्टिकलला जी जोडी तीच. माझा जोडीदार पारोळ्याचा मुलगा. हजेरीत आमचे नंबर पाठोपाठ होते म्हणून दोन वर्षं आम्ही एकाच ट्रेमध्ये बेडूक आणि झुरळं कापली होती, आणि तेवढ्या काळात "चिमटा दे" आणि "झालं का" यापलीकडे फारसं बोललो नव्हतो. तो लाजाळू होता. मीही होते.

दगड उलटवत, खालचे प्राणी बघून दगड पुन्हा तसेच ठेवत, आम्ही बेटाच्या पलीकडच्या बाजूला गेलो. वारा वाढलेला मला जाणवला होता, कारण ओढणी सारखी तोंडावर येत होती. पण त्याचा काही अर्थ असतो हे आम्हाला ठाऊक नव्हतं. वारा सुटला की आमच्याकडे केळीची पानं फाटतात, फार तर झाडं आडवी होतात. पाणी चढू लागलं तेव्हा आम्ही झुडपांतून उंचवटा ओलांडून परत आलो.

किनारा रिकामा होता. होडी दूर पाण्यावर, वरखाली होत चाललेली. ओळखू येण्याइतकी जवळ, हाक पोचणार नाही इतकी लांब.

"नाव कोठे चालनी?" तो म्हणाला. एरवी कॉलेजात तो जपून पुस्तकी मराठी बोलायचा. "बठ्ठा चालना ग्यात?" सगळे निघून गेले का, असं तो अहिराणीत विचारत होता.

वाळूवर पाण्याचा कॅन होता, बिस्किटांचे दोन पुडे होते आणि सरांचा स्वेटर. उडू नये म्हणून त्यावर दगड ठेवला होता.

आमच्या पाठीमागे काय घडलं ते आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. वाऱ्यानं होडीचा नांगर सुटला. ती खडकावर आपटायला लागली, म्हणून मुलं ती धरायला पाण्यात उतरली. त्यात आमच्या वर्गातल्या एका यावलच्या मुलाचा हात होडी आणि खडक यांच्यामध्ये सापडला. कोपराखाली हाड बाहेर आलं. नावाडी तमिळमध्ये ओरडत होता, निघा, आत्ता निघा. सरांनी शिट्ट्या मारल्या, दोन मुलांना आम्हाला शोधायला पळवलं. ती दोघं एका बाजूनं गेली, आम्ही दुसऱ्या बाजूला होतो. आणि मग सरांनी ठरवलं. मुलांना घेऊन ते होडीत बसले. यावलच्या मुलाचा हात स्वतःच्या टॉवेलनं फळीला बांधला आणि तो पूर्ण रस्ताभर मांडीवर धरून ठेवला. त्याला उतरवून लगेच परत येऊ, असं त्यांच्या मनात होतं. पण त्या संध्याकाळी एकही नावाडी समुद्रात उतरायला तयार झाला नाही. सर एकेकाच्या पाया पडले, असं माझ्या मैत्रिणीनं सांगितलं.

बेटावरच्या रात्रीबद्दल मला पुढे इतक्या जणांनी इतक्या तऱ्हेनं विचारलं की मी ती थोडक्यातच सांगते. अंधार पडायच्या आत त्यानं झुडपांच्या आडोशाला मला जागा करून दिली. स्वेटर माझ्याकडे टाकला. "तू इथं बस. मी तिकडं बसतो," म्हणाला, आणि बऱ्याच अंतरावर, माझ्याकडे पाठ करून बसला. मला थंडीपेक्षा भीती वाटत होती ती खेकड्यांची. मधूनमधून तो पाठमोराच विचारायचा, "जागी आहेस?" मी म्हणायची, "आहे." एकदा तो रडतोय असं वाटलं. मी विचारलं नाही. बस, एवढीच ती रात्र.

उजाडताना होडी आली. सरांचा शर्ट उलटीनं भरलेला होता. ते उतरताना पाण्यात पडले, उठले, आमच्यापर्यंत आले आणि आम्हा दोघांच्या डोक्यावर एकेक हात ठेवून उभे राहिले. होडीत बसल्यावर त्यांनी मला विचारलं, "थंडी वाजली का गं?" तेव्हा मला पहिल्यांदा रडू आलं.

यावलच्या मुलाचा हात रामनाथपुरमच्या दवाखान्यात प्लॅस्टरमध्ये घातला. सहल तिथंच संपली. परतीच्या गाडीत, मद्रास सोडल्यावर, सरांनी सगळ्यांना आपल्या बाकाजवळ बोलावलं.

"घरी गेल्यावर एकच सांगायचं," ते म्हणाले. "बेटावर ही दोघंच नव्हती. मीही होतो. नावाडी तुम्हाला घेऊन गेला आणि मी यांच्यासाठी थांबलो."

यावलचा मुलगा हात गळ्यात बांधून बसला होता. तो म्हणाला, "पण सर, माझा हात तर तुम्हीच..."

"तो नावाड्यानं बांधला. कळलं का?"

मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. तशाच म्हणाल्या, "हेच बरं. मुलीची जात आहे."

मला त्या क्षणी सरांबद्दल काही चांगलं वाटलं नाही. राग आला. काही झालंच नव्हतं, तर झाकायचं काय? पण गाडी भुसावळजवळ आली, ओळखीच्या बोलीचे लोक डब्यात चढले, आणि माझा राग आपोआप बसला. आमचं गाव मला माहीत होतं. सावद्याकडचं एक स्थळ मला बघून गेलं होतं आणि बोलणी जवळपास पक्की होती, हेही होतं.

घरी मी ठरल्याप्रमाणे सांगितलं. आईनं तीर्थाचा गडू देवाजवळ ठेवला आणि सरांना चांगलं म्हटलं. "देवमानूस हाये तो. पोरांसाठी थांबला."

महिनाभर सगळं ठीक होतं. मग यावलच्या मुलाचं प्लॅस्टर निघालं, तर हात वाकडा. मूठ पूर्ण वळेना. त्याचे वडील कॉलेजात आले. मोठे बागायतदार, आवाज पहाडी. प्राचार्यांच्या खोलीबाहेर आम्ही सगळ्यांनी तो ऐकला.

"माह्या पोराचं हाड बाहेर आलं तव्हा हा मास्तर कुठी व्हता? अडान्या नावाड्याच्या भरोशावर पोरं सोडून दिली! दोन पोरांसाठी बाकीच्यांचा जीव घ्यायले निंघाला व्हता का?"

सरांनी उत्तर दिलं नाही. दिलं असतं तर माझं नाव आलं असतं. त्या मुलाच्या वडलांनी संस्थेकडे लेखी तक्रार केली. सरांना रजेवर पाठवलं, चौकशी होणार असं ठरलं. आमच्या तासाला दुसरेच कुणीतरी येऊन पुस्तक वाचून दाखवू लागले. आणि स्टाफरूममधून हळूहळू एक निराळीच कुजबुज बाहेर आली, की सर थांबले ते पोरीसाठी. माझं नाव वाचवायला जे सांगितलं होतं, त्यातून सरांचंच नाव चिखलात गेलं.

पारोळ्याचा मुलगा माझ्याशी बोलेनासा झाला. ट्रे एकच, पण चिमटासुद्धा मागायचा नाही. हात पुढे करायचा, मी द्यायची.

एके दिवशी यावलच्या मुलानं मला सायकलस्टँडजवळ गाठलं. "मी घरी काही बोललो नाही," तो म्हणाला. "पण बाप ऐकत नाही. रोज सरांना शिव्या देतो, आणि मला गप्प बसावं लागतं. होडीत मी ओरडत होतो तेव्हा सर माझं डोकं छातीशी धरून बसले होते. मी किती दिवस गप्प बसू? तूच सांग."

मी त्याला काय सांगणार? घरी आले. नाना ओट्यावर बसून दोरी वळत होते. आई विहिरीवर गेली होती. मी त्यांच्याजवळ बसले आणि सगळं सांगून टाकलं. सांगताना मी दोरीकडेच बघत होते. त्यांचे हात थांबले नाहीत, फक्त हळू झाले.

"रातभर तुमी दोघंच?"

"हो."

"त्यानं काही..."

"नाही नाना. तो पाठ करून बसला होता."

त्यांनी दोरीला आणखी दोन पीळ दिले. मग म्हणाले, "मले वाटत व्हतं काही तरी हाये. तुह्या तोंडावर दिसे." आणि मग, "त्या सरची नोकरी जाईन का?"

"जाऊ शकते."

त्यांनी दोरी बाजूला ठेवली. "मी यावलले जातो अन् त्याच्या बापाले खरं सांगतो. पन हे सोपं नाही पोरी. एका कानातून दुसऱ्या कानात गेलं, की सावद्याचं मोडलं समज. पुढंबी कोनी लवकर येनार नाही. नाव तुहं जाईन, माहं नाही. म्हनून तुले इचारतो. तू नाही म्हनली तर मी जानार नाही, अन् तुले कधी बोलबी लावनार नाही."

मला नाही म्हणावंसं वाटलं. अगदी ओठावर आलं होतं. मी म्हणाले, "मीही येते."

आईला शेतीच्या कामाचं कारण सांगून आम्ही निघालो. जळगावहून यावलची एस.टी. खचाखच भरलेली होती. नानांनी धुतलेलं धोतर, टोपी घातली होती. तापीचा पूल आला तेव्हा ते म्हणाले, "तू बोलू नको. मी बोलतो." मग थोड्या वेळानं, "नाहीतर तूच बोल. मले जमनार नाही नीट."

यावलच्या घरात आम्हाला पाट दिले, चहा आला. त्या मुलाचे वडील आधी जरा ताठच होते, पण असोद्याचे म्हटल्यावर कुणाचे कोण हे विचारून झालं, लांबचं एक नातंही निघालं. नानांनी कपबशी खाली ठेवली.

"भाऊ, तुमच्या पोराचा हात मोडला तव्हा सर नावेतच व्हते. बेटावर व्हती ती माही पोरगी अन् पारोयाचा एक पोरगा. दोघंच. सर खोटं बोलले ते माह्या पोरीच्या अब्रूसाठी."

आतल्या खोलीत भांड्यांचा आवाज चालला होता, तो थांबला.

ते माझ्याकडे वळले. "खरं का हे?"

"खरं आहे. हात सरांनीच बांधला. स्वतःच्या टॉवेलनं."

दारात त्यांचा मुलगा येऊन उभा राहिला होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं मान हलवली. "व्हते सर. पूर्ण टाइम मले धरून व्हते."

वडील उठले. मला वाटलं आता मारतात त्याला. पण ते त्याच्याजवळ गेले, त्याचा तो वाकडा हात हातात घेतला आणि म्हणाले, "दोन महिने मी त्या मानसाले शिव्या देऊन राह्यलो, अन् तू ऐकत राह्यला?" त्यांचा पहाडी आवाज पार खाली गेला होता. मुलगा रडू लागला.

निघताना ते नानांना म्हणाले, "तक्रार मी मागं घेतो. कारन कोनाले सांगत नाही. तुमच्या पोरीचं नाव या घरातून बाहेर जानार नाही."

तक्रार त्यांनी मागे घेतली. शब्दही पाळला असेल. पण त्या घरात आत बायका होत्या, गडी होते. उन्हाळा संपायच्या आत असोद्यात कुजबुज पोचली. आईला ती नळावर कळली. ती घरी आली आणि नानांना म्हणाली, "मले काहून नाही सांगतलं?" त्यानंतर बरेच महिने ती माझ्याशी कामापुरतंच बोलायची. सावद्याहून निरोप आला की मुलाला सध्या लग्न करायचं नाही. त्याच वर्षी त्याचं लग्न झालं.

पारोळ्याच्या मुलाचे वडील एकदा आमच्याकडे आले. साधा माणूस. ओट्यावर बसून म्हणाले, "लोके बोलतस तर बोलू द्या. तुमनी पोर आमले चाली." नानांनी पुन्हा मलाच विचारलं. मी नाही म्हटलं. तो मुलगा वाईट नव्हता. त्याच्यापेक्षा नीट वागणारा माणूस मला क्वचित भेटला असेल. पण हो म्हटलं असतं तर लोक म्हणाले असते, बघा, होतंच काहीतरी. आणि तो तिकडे पाठ करून बसला होता ते सगळं फुकट गेलं असतं. हे मी त्याला कधी सांगू शकले नाही. त्यानं माझा नकार कसा घेतला, मला ठाऊक नाही. परीक्षेनंतर तो सुरतेकडे नोकरीला गेला असं ऐकलं.

मला पुढे समुद्री जीवशास्त्रच शिकायचं होतं. ते झालं नाही. घरानं अडवलं असंही नाही. नानांनी विचारलं होतं, पण आईकडे बघून मीच मागे घेतलं. धुळ्याला बी.एड. केलं, तिथंच शाळेत लागले. लग्न उशिरा झालं. नवऱ्याला मी आधीच सगळं सांगितलं होतं. तो म्हणाला, "ठीक आहे," आणि त्यानंतर त्यानं कधी तो विषय काढला नाही. कधीच काढला नाही, याचंही कधी कधी मला ओझं वाटायचं.

सर कामावर परत आले होते, पण कॉलेजची सहल पुन्हा निघाली नाही. निवृत्तीनंतर ते धुळ्याला राहायला आले. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी एकदा त्यांच्याकडे गेले. वय झालं होतं, पण ओळखलं त्यांनी लगेच. चहा झाल्यावर मी म्हणाले, "सर, माझ्यामुळे तुम्हाला फार सोसावं लागलं."

"खोटं बोललो त्याचं मला काही नाही," ते म्हणाले. "तुम्हाला सोडून होडीत बसलो, ते अजून जात नाही मनातून."

"तो मुलगा ओरडत होता सर. दुसरं काय करणार होता तुम्ही?"

"ते खरं," ते म्हणाले. "तरी."

मी आणखी काही बोलणार होते, पण त्यांनी विषय बदलला. मी शाळेत काय शिकवते ते विचारलं. शास्त्र, मी म्हणाले. मुलं बरी आहेत का? बरी आहेत. मग त्यांच्या पत्नी आतून आल्या, उन्हं कलली होती, आणि मी निघाले.